आकडा ओलांडून पुढे जाऊ नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ तू निम्म्यावर ठेवून दिलीस, कारण ओक्लाहोमातले शेत गमावून कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या जोड कुटुंबाचे हाल वाचून रडू येते, आणि रडून झाल्यावर वाटते की पोटभर जेवून दुसऱ्याची भूक वाचत बसण्याचा आपल्याला काय अधिकार. म्हणून 1930च्या दशकातल्या अमेरिकेतील महामंदीवरच्या कादंबऱ्या बाजूला ठेवून सरळ आर्थिक इतिहासच वाचावा का, असे तू विचारले आहेस.

तुझी अस्वस्थता खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु अधिकाराचा प्रश्न तू रडण्याशी जोडलास, तिथेच वाट चुकली. या कादंबरीच्या पानापानावर भाव, मजुरी, भाडे आणि उधारी यांचे आकडे आहेत, आणि तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात त्यांतला एकही नाही. आकडा ओलांडून पुढे जाऊ नकोस. मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि तेच मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

तू जिथे थांबलीस त्याच्या बरेच पुढे, कॅलिफोर्नियातल्या हूपरच्या मळ्यावर, या कुटुंबाला पीच तोडण्याचे काम मिळते. दर पेटीला 5 सेंट. सगळे मिळून 20 पेट्या भरतात तेव्हा एक डॉलर होतो, आणि तो मळ्यातल्याच दुकानाच्या नावे चिठ्ठी म्हणून मिळतो. आई ती चिठ्ठी घेऊन बाजारहाटाला जाते. खिमा 20 सेंट पौंड, तो ती दोन पौंड घेते. पाव 15 सेंट. हा तर 12 सेंटचा पाव आहे, असे ती म्हणते, तेव्हा दुकानातला माणूस उत्तर देतो की गावात तो 12 लाच मिळेल, फक्त जायला गॅलनभर पेट्रोल जाळावे लागेल. पाच पौंड बटाटे 25 सेंट आणि कॉफी 20 सेंट. डॉलर संपला, साखर राहिली. तेव्हा इतका वेळ तिला टोचून बोलणारा तोच माणूस स्वतःच्या खिशातले 10 सेंट गल्ल्यात टाकतो आणि तिला साखर देतो, कारण माल उधार देण्याची त्याला मुभा नाही. तोही तिथे पगारावरच आहे.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा वाचून दाखवला आहे. विद्यार्थ्यांना साखर आठवते, पावावरचे तीन सेंट कोणालाही आठवत नाहीत. सगळे कुटुंब राबले आणि हाती फक्त एका रात्रीचे जेवण आले, हे असे का होते याचे उत्तर मात्र त्या तीन सेंटांत आहे. मळ्याने दिलेली मजुरी मळ्याच्याच दुकानात चढ्या भावाने परत जाते, आणि गाव लांब असणे हेच त्या दुकानाचे भांडवल आहे. त्याच रात्री तिच्या मुलाला, टॉमला, कुंपणाबाहेर कळते की 5 सेंटांचा दर हा केवळ बाहेर संप चालू आहे तोवरचा आहे. संप मोडला की तो अडीच सेंटांवर येणार. आता आईची तीच यादी अर्ध्या डॉलरमध्ये बसवून पाहा. काय काय खोडावे लागते ते तू स्वतः खोड, म्हणजे अधिकाराचा प्रश्न तुला पडणार नाही.

दयेने वाचले की गरिबी अवकाळी पावसासारखी आभाळातून पडलेली वाटते. हिशेबाने वाचले की देणाऱ्यासमोर घेणारा उभा दिसू लागतो, आणि कधीकधी तो घेणाराही दुसऱ्या कोणाचा देणेकरी निघतो. याच कादंबरीत शेते नांगरत कुळांची घरे पाडणारा ट्रॅक्टरचालक त्याच गावातल्या माणसाचा मुलगा आहे. त्याला दिवसाला 3 डॉलर मिळतात, ते रोज मिळतात, आणि घरी त्याची बायकामुले आहेत. हे 3 डॉलर वगळलेस तर तो खलनायक ठरेल आणि तुझे वाचन तिथेच संपेल.

याच लेखकाची 1937 सालची ‘ऑफ माइस अँड मेन’ तू वाचलीच आहेस, आणि जॉर्ज व लेनी या मळ्यावरच्या दोन मजुरांच्या मैत्रीबद्दल तू सुंदर लिहिले आहेस. परंतु त्यांच्या स्वप्नातली जमीन 600 डॉलरची आहे, त्यांचा पगार महिन्याला 50 डॉलर आहे, आणि ते स्वप्न एकाएकी शक्य वाटू लागते ते कँडी या म्हाताऱ्या गड्याने पैसे देऊ केल्यामुळे. त्यांतले 250 डॉलर त्याला कामावर हात तुटल्याबद्दल मिळालेले आहेत. एका माणसाचा हात म्हणजे त्या जमिनीचा निम्म्याला थोडा कमी भाग. हे तुझ्या लेखात नाही. का नाही?

मी चिडून लिहितो आहे असे तुला वाटेल. त्याला कारण आहे. ती मंदी आमच्या वऱ्हाडातही आली होती. कापसाचे भाव कोसळले, शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र थांबले नाही. ब्रिटनने सप्टेंबर 1931 मध्ये सुवर्णमानक, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधण्याची पद्धत, सोडल्यावर सोन्याचा रुपयांतला भाव चढला आणि हिंदुस्थानातून सोने बाहेर जाऊ लागले. त्यातले पुष्कळसे शेतकरी घरांतल्या बायकांच्या अंगावरून उतरलेले होते. माझ्या आजीने त्या काळात पाटल्या मोडल्या, एवढेच आमच्या घरी सांगतात. त्या किती तोळ्यांच्या होत्या, कोणत्या भावाने गेल्या, आलेल्या पैशांतून कोणाचे देणे फिटले, यातले काहीही आज कोणाला ठाऊक नाही. तिच्या त्यागाच्या गोष्टी आम्ही डोळे पुसत ऐकल्या आणि आकडा तिच्याबरोबर गेला. त्याची हळहळ मला आजही आहे, आणि म्हणूनच मी हट्टी झालो आहे.

माझ्या या पद्धतीला आमच्या विभागात ‘वाण्याची वही’ म्हणत. साहित्याचा आस्वाद असा घेत नाहीत, असे मला अनेकदा ऐकवले गेले. मी ती वही सोडली नाही, आणि सोडली नाही हे बरोबरच केले, असे आजही माझे मत आहे. ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये कापूस वेचायला आलेल्या माणसाला आधी एक डॉलरची पिशवी घ्यावी लागते, नसेल तर तो डॉलर त्याच्या पहिल्या वेचणीतून कापून घेतात. पहिल्या वेचणीला शंभर पौंडांमागे 80 सेंट मिळतात, आणि इतके मजूर येतात की काहींच्या पिशवीचे पैसेही फिटत नाहीत. त्यातच काट्यात मारणारा मालक आणि पिशवीत दगड घालणारा मजूर. ज्याने कापसाचे माप कधी पाहिले आहे, त्याला यात आस्वाद नाही असे कोणी सांगू नये.

इतिहास वाचू नकोस असे मी म्हणत नाही. तो शेजारी ठेवून वाच. 1933 मध्ये अमेरिकेत साधारण चौघांत एकाला काम नव्हते. त्याच वर्षीच्या शेतीविषयक कायद्याने कापसाचे क्षेत्र घटवण्यासाठी पैसे दिले, ते मुख्यतः जमीनमालकांकडे गेले, आणि अनेक कुळांना जमीन सोडावी लागली. जोड कुटुंबाचे सॅलिसॉ हे गाव ओक्लाहोमाच्या पूर्वेला आहे, धुळीच्या वादळांचा सर्वांत मोठा तडाखा बसला तो पट्टा पश्चिमेला. म्हणजे त्यांना घराबाहेर काढले त्यात धुळीपेक्षा ट्रॅक्टर आणि कर्ज यांचा वाटा मोठा होता, हे नकाशा उघडल्यावर कळते. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबणारे मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर या कादंबरीत जवळजवळ दिसत नाहीत, हीही नोंद कर.

आणि हिशेब कादंबरीचाही मांड. सनोरा बॅब या लेखिकेने त्याच निर्वासितांच्या शिबिरांत काम करून त्याच माणसांवर कादंबरी लिहिली होती. 1939 मध्ये स्टाइनबेकची कादंबरी प्रचंड खपू लागल्यावर बाजारात दुसरीला जागा नाही, असे प्रकाशकाने ठरवले, आणि ‘हूज नेम्स आर अननोन’ छापून आली ती 2004 मध्ये. 65 वर्षे. हाही आकडा ओलांडू नकोस.

आता कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून उघड. वहीत तीन रकाने आख: कोणी दिले, कोणी घेतले, किती. शेतावरची हलवता येईल ती प्रत्येक वस्तू विकून या कुटुंबाला 18 डॉलर आले, तिथपासून नोंदी नीट भरत जा, आणि हूपरच्या मळ्यापर्यंत पोचलीस की ती पाने मला पाठव. जिथे रकाना रिकामा राहील तिथे अंदाजाने काही भरू नकोस. लेखकाने कोणता आकडा दिला नाही, यावर आपल्याला स्वतंत्रपणे बोलायचे आहे.

तुझे,
सर