वाचकांचे प्रश्न : औषधांना दाद न देणारे जंतू आणि नागरिकांचा दबाव

प्रश्न (एक निवृत्त शिक्षिका, सातारा) : सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक औषधांना) दाद न देणाऱ्या जंतूंविषयी जाहीरनामा मंजूर केल्याचे वाचनात आले. त्यासाठी जगभरच्या स्वयंसेवी संस्थांनी बरीच धडपड केली, असेही बातमीत होते. मतदानाचा अधिकार नसलेल्या या संस्था तेथे नेमके काय करतात, आणि त्यांच्या जाण्याने काही बदलते का?

उत्तर : बदलते, मात्र ते बैठकीच्या दिवशी बदलत नाही. जाहीरनाम्याचा मसुदा काही महिने आधी सदस्य-देशांपुढे येतो आणि मग प्रत्येक परिच्छेदावर, कित्येकदा एकेका शब्दावर, घासाघीस चालते. संस्थांचे खरे काम या काळातले असते. मसुदा बारकाईने वाचून आपल्या सरकारला लेखी सूचना देणे, कोणते कलम कसे सौम्य होत चालले आहे ते लोकांसमोर आणणे, आणि ज्यांच्या घरात अशा जंतूंचा संसर्ग येऊन गेला आहे अशा माणसांचे म्हणणे वाटाघाटी करणाऱ्यांच्या कानावर घालणे, असे त्याचे स्वरूप असते.

२०१६ साली याच विषयावर पहिली उच्चस्तरीय बैठक झाली, तेव्हाच्या जाहीरनाम्यात मृत्यू किती कमी करायचे याचा आकडा नव्हता. २६ सप्टेंबर २०२४ च्या जाहीरनाम्यात तो आहे. २०१९ साली जगात सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यू औषधरोधी जिवाणूंशी संबंधित होते आणि त्यांपैकी १२ लाख ७० हजार मृत्यू थेट त्या रोधामुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या ४९ लाख ५० हजारांत २०३० पर्यंत १० टक्के घट करण्याचे आता सर्व देशांनी मान्य केले आहे. माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'अॅक्सेस' गटातील, म्हणजे साध्या संसर्गांवर पुरेशी पडणारी आणि रोधाचा धोका तुलनेने कमी असलेली असावीत, हेही उद्दिष्ट त्यात आहे. देशोदेशींच्या कृती-योजनांना चालना देण्यासाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचाही उल्लेख आहे. जगाच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

जे हातचे गेले तेही सांगतो. पहिल्या मसुद्यात शेती आणि पशुपालनातील प्रतिजैविकांचा वापर २०३० पर्यंत किमान ३० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते. अंतिम मजकुरात तो आकडा उरला नाही आणि 'अर्थपूर्ण घट' करण्यासाठी प्रयत्नशील राहण्याचे मोघम आश्वासन आले. आकडा असता तर पाच वर्षांनी सरकारला जाब विचारता आला असता. 'अर्थपूर्ण' कशाला म्हणायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. माझ्या मते त्या बैठकीतील सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

ही चळवळ एकाएकी उभी राहिलेली नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच, अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील, असा इशारा दिला होता. पुढे १९८१ मध्ये स्टुअर्ट लेव्ही या अमेरिकन संशोधकाने प्रतिजैविकांच्या विवेकी वापरासाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. २००५ मध्ये स्वीडनमधील उपसाला येथे 'रिअॅक्ट' ही याच प्रश्नावर काम करणारी संस्था सुरू झाली, आणि तिचे आशिया-पॅसिफिक विभागाचे काम तामिळनाडूतील वेल्लोरहून चालते. २०१४ मध्ये आरोग्य, ग्राहकहित, शेती आणि प्राणिकल्याण अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील संस्थांनी एकत्र येऊन आघाडी केली. त्यानंतरच्या वर्षी जागतिक आरोग्य सभेने जागतिक कृती-आराखडा मंजूर केला.

या आघाडीची एक मागणी विशेष समजून घेण्यासारखी आहे. नवे प्रतिजैविक सापडले की ते जपून, क्वचितच वापरले गेले पाहिजे. पण जे औषध क्वचित खपते त्यातून कंपनीला खर्च भरून काढता येत नाही. कॅलिफोर्नियातील 'अकाओजेन' या छोट्या कंपनीच्या प्लाझोमायसिन या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०१९ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून संशोधनाचा खर्च विक्रीतून वसूल करण्याऐवजी सार्वजनिक निधी, बक्षिसे अथवा ठरावीक वार्षिक मोबदला यांतून भागवावा, म्हणजे कंपनीला जास्त विकण्याची गरज राहणार नाही आणि गरीब देशांनाही औषध परवडेल, असे या संस्था म्हणतात. संशोधनखर्च आणि किंमत-विक्री यांची फारकत करण्याचे हे तत्त्व २०१६ च्या जाहीरनाम्यात आले. अमलात मात्र ते अजून फार थोड्या ठिकाणी आले आहे.

प्रश्न (एक वाचक, कल्याण) : माझ्या भाचीला औषधांना दाद न देणारा क्षय झाला आहे. तिला सरकारी केंद्रातून बेडाक्विलिन असलेल्या गोळ्या मोफत मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या शेजाऱ्यांना याच आजारात अनेक महिने इंजेक्शने घ्यावी लागली आणि त्यांना कायमचे ऐकू येईनासे झाले. हा बदल कसा झाला? यात रुग्णांच्या चळवळीचा हात आहे, असे केंद्रातल्या ताई म्हणाल्या.

उत्तर : ताईंनी बरोबर सांगितले. औषधरोधाची चर्चा बहुधा इस्पितळातील जिवाणूंभोवती फिरते, पण आपल्याकडे हा प्रश्न लोकांना सर्वाधिक जवळून भेटला तो क्षयाच्या रूपाने. मुंबईतील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती.

आपल्या शेजाऱ्यांना दिलेली इंजेक्शने कॅनामायसिनसारख्या औषधांची असावीत. ती आतल्या कानातील संवेदक पेशी नष्ट करतात, आणि त्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली; चार दशकांहून अधिक काळानंतर क्षयासाठी आलेले ते नव्या वर्गाचे पहिले औषध होते. भारतात मात्र २०१६ मध्ये ते केवळ सहा केंद्रांत, मोजक्या रुग्णांसाठी सुरू झाले. पाटण्याच्या एका १८ वर्षांच्या मुलीला, ती दिल्लीची रहिवासी नाही या कारणावरून ते नाकारले गेले. तिच्या वडिलांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी २०१७ मध्ये तिला औषध देण्याचे ठरले. एका मुलीच्या औषधासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागणे ही व्यवस्थेला लाज आणणारी गोष्ट होती, आणि त्या प्रकरणामुळे रहिवासाच्या अटीवर उघड चर्चा होऊ लागली.

यानंतरची लढाई पेटंटची. मूळ औषधाचे पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. पण त्याच औषधाच्या एका क्षाररूपासाठी, म्हणजे फ्युमरेट क्षारासाठी, ते बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने वेगळा अर्ज केला होता, आणि तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी आणखी काही वर्षे लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावली होती. त्या दोघींनी फेब्रुवारी २०१९ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या साहाय्याने मुंबईच्या पेटंट कार्यालयात या अर्जाला हरकत घेतली. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५ (१) नुसार पेटंट मिळण्यापूर्वी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. कलम ३ (ड) नुसार माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाला, त्याने परिणामकारकता वाढत नसेल तर, पेटंट मिळत नाही. २३ मार्च २०२३ रोजी कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला.

त्यानंतर घटना झपाट्याने घडल्या. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस, क्षयाची औषधे एकत्रित खरेदी करणाऱ्या जागतिक सुविधेने सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची किंमत २८९ डॉलरवरून १३० डॉलरपर्यंत उतरल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये कंपनीने १३४ अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत या औषधावरील पेटंटचा हक्क बजावणार नसल्याचे सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलिन समाविष्ट असलेल्या, सहा महिन्यांच्या आणि पूर्णपणे तोंडावाटे घ्यायच्या उपचारपद्धतीला मान्यता दिली. संशोधन, वैद्यकीय चाचण्या आणि शासनाचा कार्यक्रम यांचा वाटा यात मोठा आहेच, पण किमतीची गाठ सुटली ती रुग्णांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या वकिलांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यामुळे, असे माझे मत आहे.

दोन गोष्टी आवर्जून सांगतो. बेडाक्विलिनला न जुमानणारे क्षयजंतूही आता आढळू लागले आहेत, त्यामुळे भाचीने बरे वाटू लागल्यावरही एकही गोळी चुकवू नये, आणि मळमळ, चक्कर किंवा छातीत धडधड असा त्रास झाल्यास गोळ्या आपल्या मनाने बंद न करता केंद्रात लगेच कळवावे. दुसरे असे की, मार्च २०२४ मध्ये बदललेल्या पेटंट नियमांनुसार अशा हरकतीला शुल्क लागू झाले असून ती विचारात घ्यायची की नाही हे आधी पेटंट कार्यालयाचा नियंत्रक ठरवतो. ज्या दाराने या दोघी आत गेल्या ते दार अरुंद होऊ नये यासाठी रुग्णसंघटना झगडत आहेत, आणि त्यांना आपल्यासारख्या कुटुंबांच्या पाठिंब्याची गरज आहे.

प्रश्न (एक कुक्कुटपालक, सांगली जिल्हा) : आम्ही कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवतो. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीच देते. शहरातील संस्था मात्र कोंबड्यांतील औषधांवरून शेतकऱ्याला दोष देतात. आमचे नेमके काय चुकते?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि जाणत्या संस्थांचा रोख आपल्यावर नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली व आसपासच्या भागातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने आपल्या प्रयोगशाळेत तपासले आणि ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश आढळले. त्या अहवालाची मुख्य मागणी पिल्लांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर बंदी घालण्याची होती. आजारी पक्ष्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार करण्याला त्यांचा विरोध नव्हता.

कोलिस्टिनचे उदाहरण पाहा. बाकी सारी औषधे थकल्यावर अतिदक्षता विभागातील रुग्णाला डॉक्टर हे औषध देतात, आणि तेच औषध वजन वाढवण्यासाठी पशुखाद्यात घातले जात होते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरे, मांस आणि रुग्ण या तिन्हींत सापडलेल्या जिवाणूंमध्ये कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे जनुक शोधून काढले. ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाते, हे अधिक चिंताजनक होते. चीनने २०१७ मध्ये वाढीसाठीचा हा वापर बंद केला, आणि पुढच्या पाहण्यांत असे जिवाणू लक्षणीय कमी झालेले दिसले. भारतात जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली. उपाय केला तर फरक पडतो याचा इतका थेट पुरावा या विषयात क्वचितच मिळतो.

आपण दोन गोष्टी करू शकता. खाद्याच्या पोत्यावरील घटकांची चिठ्ठी वाचा आणि त्यात औषध आहे का, असल्यास कोणते, हे कंपनीला लेखी विचारा. करारात लसीकरण, पिण्याच्या पाण्याची शुद्धता आणि दोन बॅचमध्ये गादी (शेडमधील तुसाचे अंथरूण) बदलून शेड रिकामी ठेवण्याचा काळ यांचा खर्च कोण उचलणार हे स्पष्ट करून घ्या, कारण रोग टाळण्याचा खर्च शेतकऱ्यावर आणि औषधाचा पुरवठा कंपनीकडे अशी विभागणी राहिली, तर औषधच सोपे वाटत राहणार. एकट्याने विचारल्यास उत्तर मिळेलच असे नाही. तालुक्यातील करारदारांनी मिळून विचारावे.

प्रश्न (एक वाचक, नंदुरबार) : आमच्या गावातील मेडिकलमध्ये कोणतीही अँटिबायोटिक गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. तक्रार कोठे करावी?

उत्तर : जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, औषध निरीक्षकांकडे लेखी करावी. औषधविक्रीच्या नियमांतील, मार्च २०१४ पासून लागू असलेल्या 'एच-१' अनुसूचीत अनेक वरच्या श्रेणीची प्रतिजैविके आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात, आणि रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध व त्याची मात्रा यांची नोंद दुकानदाराला वेगळ्या वहीत ठेवावी लागते. केरळने २०१८ मध्ये स्वतःची राज्य-योजना आखली आणि २०२४ च्या आरंभी चिठ्ठीशिवाय विक्री करणाऱ्या दुकानांविरुद्ध मोहीम उघडून नागरिकांना थेट कळवण्याचे आवाहन केले.

मात्र तक्रारीबरोबर आणखी एक अर्ज करावा, अशी माझी विनंती आहे. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर वेळेवर भेटत नाही, तेथे तापाने फणफणलेल्या मुलाची आई मेडिकलच्या काउंटरवरच जाणार, आणि ते दारही बंद केले तर न्यूमोनियाचे मूल औषधावाचून राहील. अतिवापर रोखणे आणि गरजूला औषध मिळणे या दोन्ही मागण्या जागतिक आघाडी एकत्र मांडते, याचे कारण हेच आहे. म्हणून केंद्रातील रिक्त पदे आणि औषधसाठा यांचा तपशील ग्रामसभेत मागा, आणि तो ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवा. दोन्ही कागदांवर पोच घ्यायला विसरू नका.