टेक-ऑफच्या डोंगरावर वारा मोजायचं स्टेशन: काय घ्यावं, कुठं लावावं?

कामशेतकडच्या डोंगरावर पॅराग्लायडिंगसाठी, मोबाईलवर वारा दिसेल असं स्टेशन कमी खर्चात कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. यंत्र कुठलंही चालेल, पण जागा चुकली की आकडे फसवतात.

खांब कड्याच्या धारेवर रोवू नका. तिथं वारा दाबला जाऊन वर वळतो, आणि वेग मोजणाऱ्या यंत्राच्या फिरत्या वाट्यांना हा तिरका वारा नीट मोजता येत नाही. झाडामागे किंवा माथ्याच्या पलीकडच्या उतारावर नुसता रोटर, म्हणजे गरगरणारा वारा, मिळेल. टेक-ऑफजवळच्या उघड्या उंचवट्यावर ५-६ मीटरचा खांब तारांचा ताण देऊन उभा करा. मग टेक-ऑफवर हातातल्या मीटरने मोजून दोन्हींतला फरक वेगवेगळ्या दिशांच्या वाऱ्यात लिहून ठेवा.

सेन्सर म्हणून डेव्हिस कंपनीचा ६४१० चांगला, तो वेग आणि दिशा दोन्ही मोजतो. वाट्यांची एक फेरी म्हणजे एक पल्स (विजेचा ठोका). सेकंदाला एक पल्स म्हणजे ताशी सुमारे ३.६ किमी. हा ठोका देणारा रीड स्विच (चुंबकाने मिटणारा) थरथरतो, म्हणून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर नसलेले झोत दिसतील. दिशेचा बाण बसवताना होकायंत्र लोखंडी खांबापासून चार पावलं लांब धरा. सोबत ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड), लोरा मोड्यूल (लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ) आणि ५ वॅटचं सोलर पॅनेल पुरतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. एप्रिलच्या उन्हात बंद डबा तापतो, आणि साध्या लिथियम आयनला ४५ अंशांच्या वर चार्ज करणं बरं नाही.

आता हिशेब. नुसती सरासरी दाखवणारं स्टेशन मला धोकादायक वाटतं. १० मिनिटांची सरासरी, त्यातला ३ सेकंदांचा सर्वांत मोठा झोत आणि सर्वांत कमी वेग, असे तिन्ही आकडे हवेत. ताशी १५ किमी सरासरी आणि १८ झोत असेल तर मजेत उडा. १५ सरासरीवर ३० चा झोत असेल तर विंग (पॅराग्लायडरचं कापडी पंख) पिशवीतच राहू द्या. दिशेची सरासरी साधी काढली तर ३५० आणि १० अंशांची १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा थेट दक्षिणेचा! साइन-कोसाइन वेगळे जमवून मगच कोन काढा.

सर्वांत वाईट बिघाड म्हणजे वाट्यांचं बेअरिंग जाम होणं. वेग शून्य दिसतो, शांत आहे समजून लोक डोंगर चढतात. वेग शून्य पण दिशा हलतेय, असं झालं की मोबाईलवरच्या पानावर 'बिघाड' दिसू द्या. नेटवर्क गेलं की जुनाच आकडा पडद्यावर राहतो, म्हणून १५ मिनिटांहून जुनं वाचन झाकून टाका.

आणि मार्च ते मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढत जातो. तेव्हा आत्ताच्या आकड्याबरोबर मागच्या तीन तासांचा आलेखही द्या. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) मात्र काढू नका, टेक-ऑफवरचाही आणि लँडिंगवरचाही.