सर्व्हरचं रिमोट लॉगिन: आधी लायसन्स बघ

सांगलीच्या मार्केट यार्डात पेढीसाठी विंडोज सर्व्हर बसवतोयस, छान! सुरुवातीला एवढंच पक्कं कर:

- सर्व्हरसोबत येणारी दोन रिमोट सेशन्स फक्त देखभालीसाठी असतात. दिवाणजींनी त्यावर रोज हळदीची बिलं करायची नाहीत.
- रोजच्या कामाला साधं कॅल (सर्व्हर वापरायचं लायसन्स) आणि आरडीएस कॅल (त्यावर रिमोट लॉगिनने काम करायचं वेगळं लायसन्स), दोन्ही लागतात. नवखे पहिलं हमखास विसरतात. एकाच पीसीवर तिघं आळीपाळीने बसत असतील तर डिव्हाइस कॅल घे. एकच माणूस पेढीवरून, घरून, मोबाइलवरून येत असेल तर युजर कॅल. २०२२च्या सर्व्हरला २०१९चं आरडीएस कॅल चालत नाही.
- आरडीएस कॅलशिवाय १२० दिवस चालतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि ऐन हंगामात लॉगिन अडतं.

राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट लॉगिनचं दार) इंटरनेटला उघडं ठेवू नकोस, व्हीपीएन (बाहेरून आत यायचा सुरक्षित खाजगी मार्ग) लाव. अडलास तर बिनधास्त विचार.