सुटे कागद प्लास्टिकच्या पॉकेटांत लावावेत का?

वडील गेल्यावर घरात तीन पिशव्या भरून कागद निघालेत, ते पारदर्शक पॉकेटांच्या फायलीत लावले तर चालतील का आणि लावायचे कसे, असं तुम्ही विचारलंय. चालतील. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि आमच्या घरचा कारभार गेली कित्येक वर्षं याच पॉकेटांवर चाललाय. पण पहिल्या खेपेला माझा पुरता पोपट झाला होता, तो आधी सांगते.

तेव्हा मी सगळे करतात तेच केलं. एक कागद, एक पॉकेट. लाइटबिलं एका फायलीत, बँकेचे कागद दुसऱ्या, औषधपाण्याचे तिसऱ्या. दिसायला अगदी झकास! मग वीजमीटरवरचं नाव बदलायला गेले, तर खिडकीवर लागले पाच कागद आणि ते होते तीन फायलींत. उभ्याउभ्या पॉकेटं उपसली आणि घरी येऊन पुन्हा लावायचा कंटाळा केला. पावसाळा संपेस्तोवर फायली रिकाम्या आणि पिशवी पुन्हा भरलेली.

तेव्हापासून एकच नियम: पॉकेट कागदाचं नाही, कामाचं. माझ्या ‘वीज’ पॉकेटात शेवटचं बिल, डिपॉझिटची पावती, मीटर बदलल्याची चिठ्ठी आणि इंडेक्स टूची, म्हणजे घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची झेरॉक्स आहे. तीच झेरॉक्स ‘मालमत्ता कर’मध्ये आहे, ‘सोसायटी’मध्येही आहे. झेरॉक्सला दोन-तीन रुपये पडतात, सुट्टी टाकून मारलेली फेरी महाग पडते. काम निघालं की ते एकच पॉकेट रिंगमधून काढून पर्समध्ये टाकायचं.

प्रत्येक पॉकेटात सगळ्यात पुढे अर्ध्या कागदाची चिठ्ठी असते. आत काय आहे आणि मूळ कागद कुठे आहे, एवढंच. ‘मूळ: कपाट, वरचा खण, निळा लिफाफा’. कुणी कागद नेला तर त्याच चिठ्ठीवर नाव आणि तारीख टाकायची. आमच्या दादाला हे फार जाचक वाटतं, पण पॅनकार्डाची झेरॉक्स तीनदा त्याच्याकडेच सापडलीय.

आता प्लास्टिकबद्दल, कारण इथे नुकसान कळेपर्यंत उशीर होतो. बाबांच्या बँकेच्या हिशोबाची झेरॉक्स मी स्वस्तातल्या जाड, मऊ पॉकेटात ठेवली होती. दोन उन्हाळ्यांनंतर काढायला गेले तर टर्र असा आवाज आला आणि आकडे प्लास्टिकवर उलटे उमटलेले, कागद जागोजागी कोरा. झेरॉक्सची काळी शाई म्हणजे मुळात प्लास्टिकची भुकटी, गरम करून कागदावर बसवलेली. मऊ पॉकेटं असतात पीव्हीसीची. त्यांना मऊपणा यावा म्हणून तेलासारखा पदार्थ मिसळतात, तो हळूहळू सुटतो आणि शाईला चिकट करतो. पॉलिप्रॉपिलीनच्या पॉकेटांत ही भानगड नसते. पाकिटावर ‘पीपी’ लिहिलेलं बघा. नसेल तर सरळ वास घ्या: नव्या रेनकोटसारखा आला तर परत ठेवा. पीपीचं पॉकेट हातात चुरचुरतं, वास जवळजवळ नसतोच.

याहून मोठा दणका ईसीजीचा. डॉक्टरांनी जुना ईसीजी तुलनेला मागितला, मी ऐटीत फाइल उघडली. पट्टीवर गुलाबी चौकटी जशाच्या तशा होत्या, हृदयाची रेघ मात्र गायब. चौकटी छापील असतात, रेघ मशीन उष्णतेने उमटवतं. तो थर्मल कागद आपोआपच फिका पडतो आणि पीव्हीसीला टेकला की आणखी लवकर. दुकानातली गुळगुळीत बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफीच्या छोट्या प्रिंटा, सगळं त्याच जातीचं. असं काही हाती आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि पॉकेटात झेरॉक्स ठेवा. तुमच्या आईचे रिपोर्ट असतील तर आज संध्याकाळीच ते चाळा.

मूळ कागद पॉकेटात ठेवूच नयेत, असं माझं मत. नोंदणी केलेला करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला हे साध्या कागदी लिफाफ्यात, भोक न पाडता, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात. आपल्याकडे जून-जुलैत त्या भिंतींना ओल धरते. आणि पॉकेटाचं तोंड वर असतं. आमच्या वरच्या मजल्यावरची मोरी गळली तेव्हा पॉकेटात पाणी साचून राहिलं, कागदांचा लगदा झाला. लॅमिनेशनच्या मोहात तर बिलकूल पडू नका. शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराच्या नोंदी करायच्या असतात, त्या प्लास्टिकवर कोण करणार? तुम्हाला ते आईच्या नावावर करायचंच असेल.

खरेदीचं म्हणाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात शंभराचा गठ्ठा सुट्यापेक्षा स्वस्त पडतो. ए-फोर पॉकेटात 210 बाय 297 मिलिमीटरचा कागद बसतो. करारनाम्याच्या झेरॉक्सा बहुधा लीगल आकारात, 356 मिलिमीटर लांब असतात, त्या वरून डोकावतात आणि कडा कुरतडल्यासारख्या होतात. त्यांच्यासाठी मोठ्या मापाची थोडी पॉकेटं घ्या किंवा झेरॉक्सच ए-फोरवर लहान करून घ्या. आणखी एक गंमत: विषय वेगळे करायला जे रंगीत पुठ्ठे मिळतात, त्यांची टोकं पॉकेटांमागे लपतात, कारण पॉकेट कागदापेक्षा रुंद. मी पुठ्ठे घेतच नाही, पॉकेटाच्या उजव्या कडेला चिकटपट्टीची दुमड करून त्यावर मार्करने लिहिते. एका पॉकेटात दहा-बारा कागदांपेक्षा जास्त कोंबू नका, भोकं फाटतात. आणि टाचण्या, यू-पिना आधी काढा. खाडीच्या हवेत त्या गंजतात आणि कागदाला भोकासकट तपकिरी डाग देतात.

तीन पिशव्या एका रविवारी आवरायला बसू नका, जमणार नाही आणि मध्येच वडिलांचं एखादं पत्र हाती आलं की हात थांबतोच. पहिलं पॉकेट आईच्या पेन्शनचं करा: मृत्यू दाखल्याच्या पाच झेरॉक्सा, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, दोघांच्या आधार आणि पॅनच्या झेरॉक्सा, पासबुकाचं पहिलं पान, आईचे चार फोटो. फॅमिली पेन्शन सुरू झाली की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची पोचही त्यातच जाईल. दुसरं सोसायटीचं, तिसरं विजेचं. जे कागद कुठल्याच कामाचे वाटत नाहीत, ते तूर्तास एका पिशवीत बांधून वर तारीख घाला.