गोचिडीची लाळ आणि नवी औषधं

प्रश्न : गोचिडीच्या लाळेपासून सुजेवर औषध तयार होतंय, असं वाचलं. कुत्र्याला होते तीच का ही गोचीड? एवढ्याशा जिवाची लाळ काढतात तरी कशी? – एक वाचक, सातारा

उत्तर : हो, कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात सापडते तीच तपकिरी गोचीड. ती चिकटली की कित्येक दिवस रक्त पीत राहते, त्यामुळे खाज आणि सूज दाबून ठेवणं तिला भागच असतं. त्वचेला इजा झाली की पेशी केमोकाइन नावाची प्रथिनं सोडतात आणि त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी धावून येतात. लाळेतलं इव्हॅसिन नावाचं प्रथिन या केमोकाइनना वाटेतच धरून ठेवतं. इव्हॅसिन-१ अवघ्या ९४ अमिनो आम्लांचं आहे आणि मोजकेच केमोकाइन पकडतं. इव्हॅसिन-४ पुष्कळ पकडतं. खरी अडचण इथेच आहे. सुजेच्या आजारात एकाच वेळी अनेक केमोकाइन काम करतात. एक अडवला तर दुसरा त्याची जागा घेतो, सगळे अडवले तर जंतूंशी लढणार कोण?

लाळ काढण्यासाठी अर्धवट पोट भरलेली गोचीड उताणी चिकटवतात, पिलोकार्पिन हे औषध देऊन लाळ सुटायला लावतात आणि तोंडाला केसासारखी काचनळी लावतात. हाती येते ती मायक्रोलिटरांत. ही लाळ अभ्यासापुरतीच. औषधासाठी लाळग्रंथीतल्या आरएनएवरून जनुक ओळखतात आणि ते जिवाणू, यीस्ट किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालून प्रथिन बनवून घेतात. इव्हॅसिन-१ मध्ये घडी धरून ठेवणारे चार डायसल्फाइड (गंधकाचे) बंध असतात. जिवाणूत ते चुकीचे जुळले, तर प्रथिनाची घडी बिघडते आणि ते निकामी ठरतं.

प्रश्न : रुग्णांना यातलं काही मिळालं आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चाचण्यांत मिळालं आहे. आफ्रिकेतल्या ऑर्निथोडोरस मौबाटा या मऊ गोचिडीच्या प्रथिनापासून नोमाकोपान तयार झालं. रक्तातल्या पूरक प्रथिनांपैकी (जंतूंशी लढायला मदत करणाऱ्या प्रथिनांपैकी) सी-५ आणि सूज वाढवणारं ल्युकोट्राइन बी-४, अशा दोन्हींना ते बांधतं. ज्या आजारात पूरक प्रथिनंच तांबड्या पेशी फोडतात, त्यात आणि त्वचेवर फोड येणाऱ्या बुलस पेम्फिगॉइडमध्ये ते त्वचेखालच्या इंजेक्शनानं देऊन पाहिलं. सी-५ अडवलं की मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूचा धोका वाढतो, म्हणून अशा कोणत्याही औषधाआधी त्याची लस घ्यावी लागते.

प्रश्न : मग गोचीड चावली तर सांधेदुखीला थोडा उतार पडेल का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अजिबात नाही, आणि तुमच्या भागात तर हा विचारही मनात आणू नका. लाळेतलं प्रथिन चाव्यापुरतंच काम करतं, पण त्याच लाळेतून माकडतापाचा विषाणू अंगात शिरू शकतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याची साथ आली होती.

चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीला लागून, तोंडापाशी धरा आणि न पिळता सावकाश सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी लावू नका. त्रासलेली गोचीड आणखी लाळ सोडते. बोटांनी चिरडू नका. जागा साबणानं धुवा. पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात एकदम ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना गोचीड कधी, कुठे चावली ते आधी सांगा.