जुन्या जपानी थ्री-पीस व्हील्सचा अर्धवट सेट मिळतोय, चारपैकी तीनच. घ्यावा का? पुढे किंमत वाढेल का?

घ्या. "तीन चाकांचं करणार काय?" असं विचारणारे तुम्हाला भेटले असतीलच, मलाही भेटले होते. ती खरोखर थ्री-पीस आहेत, म्हणजे मधली डिस्क (चाकाचा चेहरा), बाहेरची कड म्हणजे लिप आणि आतलं बॅरल असे तीन भाग बोल्टने जोडलेले आहेत, आणि डिस्क सरळ आहेत एवढी खात्री करा. लिप खरचटलीय, बोल्ट गंजलेत, पॉलिश उडालंय, यातल्या कशानेही मागे हटू नका.

थ्री-पीसमध्ये दुर्मिळ असते ती डिस्क. लिप आणि आतलं बॅरल आजही बनतात आणि हव्या त्या रुंदीचे मिळतात. वर्कसारखी जपानी चाकं बनवणारी कंपनी तर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने रुंदी विचारून ऑर्डर घेते. पण डिस्कचा साचा एकदा बंद झाला की तो चेहरा सहसा पुन्हा मिळत नाही. म्हणून तीन चाकं म्हणजे तीन डिस्क, आणि मग शोधायची उरते ती फक्त एक डिस्क. अख्खं चाक शोधायची गरज नाही.

माझ्या एई86 वर, म्हणजे जुन्या टोयोटावर, एसएसआर या जपानी कंपनीची 14 इंची मार्क-वन चाकं आहेत. जपानमधलं पहिलं थ्री-पीस म्हणून या चाकाचं नाव घेतलं जातं. हा सेट मी असाच जमवला. दोन चाकं याहू ऑक्शन या जपानी लिलावाच्या साइटवरून एजंटामार्फत आली, दोघांच्या लिप फुटपाथला घासून कुरतडलेल्या. तिसरं बऱ्याच काळाने एकटंच निघालं, त्याचं बॅरल आतून वाकलेलं. चौथी नुसती डिस्क होती. कुणीतरी ठोकलेलं चाक उघडून भाग सुटे विकायला काढले होते. फोटो इतका अंधारा की त्यावर बोली लावायला दुसरं कुणी आलंच नाही. मला मात्र मागच्या बाजूचं कास्टिंग ओळखू आलं होतं.

मग सगळं उघडलं. जुने बोल्ट सहजी सुटत नाहीत. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवायचं, थोडं गरम करायचं आणि तरीही फिरला नाही तर ड्रिलने काढायचा. जोर लावून डिस्कमधलं भोक खराब करण्यापेक्षा बोल्ट गेलेला परवडतो. त्यानंतर जुनं सिलिकॉन खरवडणं, हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. जुन्याचा कण राहिला तर नवं सीलंट धरत नाही आणि हवा जात राहते. डिस्कना पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून तडे तपासले, चारही स्वच्छ निघाल्या. लिप आणि बॅरल चारही चाकांना नवे घेतले, बोल्टही नवे. सीलंट पूर्ण सुकल्यावर टायर चढवून साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा आला नाही. ही चाकं मी चालवतो, पावसातसुद्धा.

आमच्या ग्रुपमधले एक दादा, माझ्याहून वयाने आणि या नादातही मोठे. त्यांनी चाकं पाहिली आणि चारचौघांत म्हणाले, "हा सेट नाही, ही जोडाजोड आहे. मूळ लिप काढली की चाक संपलं." त्यांच्याकडे स्वतःची एसएसआरचीच जुनी लाँगचॅम्प चाकं आहेत, मूळ लिपसकट, बबल रॅपमध्ये. त्यांच्या एका लिपला बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढा तडा आहे, म्हणून ती गाडीला लागत नाहीत. तरी ती अस्सल, आणि माझी नाहीत.

हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. थ्री-पीस जन्माला आलं तेच यासाठी. रेसमध्ये लिप वाकली तर लिप बदला, डिस्क ठेवा. पुढे अरुंद, मागे रुंद हवं तर तीच डिस्क आणि वेगळी लिप. समजा 7 जे (7 इंच रुंद), ऑफसेट +13 चं चाक आहे, म्हणजे चाक गाडीला टेकतं ती बाजू मध्यरेषेपासून 13 मिमी बाहेर. त्याला 1 इंच जास्त खोल लिप लावली की रुंदी 8 जे होते, मध्यरेषा 12.7 मिमी बाहेर सरकते आणि ऑफसेट जवळपास 0 वर येतो. ही सोय बनवणाऱ्यांनीच ठेवलेली आहे. तिचा वापर केला म्हणून चाक खोटं कसं ठरतं? आणि सगळं कोरं, एकसारखं, जुळलेलंच हवं असेल तर एसएसआरने मार्क-वन पुन्हा काढलं होतं. तेही चांगलं चाक आहे. मला त्या काळची डिस्क हवी होती आणि ती रस्त्यावर फिरायला हवी होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किंमत. विकण्यासाठीच घेत असाल तर चार जुळलेल्या मूळ चाकांशिवाय हात लावू नका, कारण बाजार दादांच्या बाजूचा आहे. मी विकणाऱ्यातला नाही, त्यामुळे त्याहून जास्त सांगण्यात अर्थ नाही.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. वर लिहिलेलं सगळं फक्त थ्री-पीसपुरतं. एकाच तुकड्यात बनलेल्या वन-पीस चाकांमध्ये, म्हणजे डेझमंड रेगामास्टर किंवा जुनी टीई37 वगैरे, तीन म्हणजे तीनच. चौथं अगदी तेच, त्याच रुंदीचं आणि ऑफसेटचं शोधावं लागतं. मॅग्नेशियमची जुनी वॉटानाबे कंपनीची चाकं असतील तर तडे तपासल्याशिवाय रस्त्यावर आणू नका, मॅग्नेशियम आतून कुरतडलं जातं. आणि 13 इंची असतील तर आधी त्या मापाचे टायर मिळतात का ते बघा, मग पैसे द्या.

विकणाऱ्याकडून डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. त्यात पीसीडीची भोकं, म्हणजे चाक गाडीला बसवायची भोकं, नंतर पाडलेली आहेत का ते दिसतं. 4×114.3 च्या (114.3 मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार भोकं) डिस्कवर 4×100 ची भोकं कुणी हाताने पाडली असतील तर ती एक डिस्क सोडा, उरलेल्या दोन घ्या. तिन्ही भाग जोडणाऱ्या बोल्टच्या भोकांची संख्याही मोजून ठेवा, बॅरल मागवताना तीच पहिली विचारतात.