यूट्यूब व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलाय ना, मग आजच डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) टाका, "स्ट्राइक नाही" म्हणून सोडून देऊ नका

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ अचानक जोरात चालला, व्ह्यूज भरपूर आले पण कमाई जवळपास शून्य, आणि व्हिडिओच्या मागे वाजणाऱ्या म्युझिकवर कुठल्यातरी कंपनीचा क्लेम, म्हणजे ते म्युझिक आमचं आहे असा दावा, दिसतोय, म्युझिकचं लायसन्स तर तुम्ही पैसे देऊन घेतलेलं. आणि खाली सगळे सांगतायत की क्लेम म्हणजे स्ट्राइक (चॅनलवर लागणारी कॉपीराइटची ताकीद) नव्हे, चॅनलला काही होत नाही, टेन्शन घेऊ नका. हे वाचून राहवलं नाही. सेम माझ्या बाबतीत झालंय आणि तेव्हा मलाही हेच सांगण्यात आलं होतं. चॅनलला काही होत नाही हे खरंच आहे, पण पैसे जातात, आणि जातात तेही नेमके सगळ्यात चांगल्या दिवसांचे.

आधीच सांगतो, मी वकील नाही, आणि यूट्यूब नियम बदलत असतं, त्यामुळे काहीही करण्याआधी त्यांचं हेल्प पेज एकदा स्वतः वाचा.

कमाई सुरू व्हायला लागणारे हजार सबस्क्रायबर, चार हजार तास वगैरे तुमचं झालेलंच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा आपला हेही सगळ्यांना पाठ असतं. पण क्लेम करणाऱ्याने मॉनेटाइझचा (त्या व्हिडिओची कमाई स्वतः घेण्याचा) पर्याय निवडला की जाहिराती तशाच चालू राहतात, बघणाऱ्याला काही कळत नाही, फक्त तो वाटा तिकडे वळतो. तुमच्या अख्ख्या व्हिडिओत त्यांचं म्युझिक वीस सेकंद वाजत असलं तरी कमाई पूर्ण व्हिडिओची जाते. मेहनत तुमची, शूटिंग तुमचं, एडिटिंग तुमचं, आणि हे.

आता मुद्द्याचं. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते आणि निकाल ज्याच्या बाजूने लागेल त्याला मिळते. ५ दिवसांनंतर टाकला तर राखणं सुरू होतं डिस्प्यूट टाकल्या तारखेपासून, त्याआधीचं गेलं ते गेलं. आता विचार करा, बहुतेक व्हिडिओ कधी चालतात? पहिल्या आठवड्यातच. म्हणजे "बघू नंतर" म्हणणाऱ्याचा मलिदा आधीच दुसऱ्याच्या खात्यात. म्हणून तुमच्या पोस्टवर क्लेमची तारीख नाही हे बघून मला जास्त काळजी वाटली. आधी यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं पान) जाऊन ती तारीख बघा, उरलेलं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

माझं काय झालं ते सांगतो, नावं घेत नाही. एका म्युझिक साइटवरून ट्रॅकचं लायसन्स विकत घेतलं, पानावर ठळक लिहिलेलं की व्यावसायिक वापराला चालेल, क्लेम येणार नाही. क्लेम आला. डिस्प्यूट मी लगेच टाकला, पैसे राखले गेले, इथपर्यंत सगळं ठीक. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि त्यांनी ते जवळजवळ पुरेपूर वापरले आणि शेवटी डिस्प्यूट फेटाळला. आता अपील, म्हणजे फेटाळल्यावर पुन्हा दाद मागणं, करायचं तर हातात ठोस कागद हवा, आणि साइटने दिलेली पावती काय तर पेमेंट मिळालं, ऑर्डर नंबर अमुक. ट्रॅकचं नाव नाही, हक्क कोणाचे ते नाही, कुठल्या चॅनलसाठी घेतलंय ते नाही. त्यांच्या सपोर्टला मेल केला की मला फक्त ट्रॅकचं नाव आणि माझं नाव असलेलं एका ओळीचं पत्र द्या. उत्तर आलं, नेहमीचे प्रश्न बघा. परत लिहिलं, तर म्हणे संगीतकाराशी बोला. संगीतकाराचा पत्ता मागितला तर तो आम्ही देत नाही. मग बघतो तर ट्रॅकचं पानच साइटवरून उडवलेलं, म्हणजे अटी दाखवायचीही सोय गेली. इतका संताप आला होता की काय सांगू. पैसे घेताना एका क्लिकमध्ये घेतात आणि त्याच पैशांचा पुरावा मागितला की कुणी ओळखच दाखवत नाही! कागदाशिवाय अपीलची जोखीम घेणं शक्य नव्हतं, राखलेली सगळी रक्कम क्लेमवाल्याला गेली, आणि तो त्या वर्षातला माझा सगळ्यात चाललेला व्हिडिओ होता.

नंतर कळलं ते असं. असे ट्रॅक बरेचदा तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे संगीताचे छोटे तुकडे) जोडून बनवतात, आणि तोच लूप आणखी कितीतरी जणांकडे असतो. त्यातला एकजण आपलं गाणं डिस्ट्रिब्यूटरमार्फत (गाणी प्लॅटफॉर्मवर पोचवणारी कंपनी) कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या सिस्टिममध्ये, टाकतो आणि मग तो लूप जिथे जिथे वाजेल तिथे सिस्टिम त्याच्या नावाने क्लेम लावत सुटते. खरं तर असे सगळ्यांना खुले असलेले लूप आणि सॅम्पल कंटेंट आयडीत रेफरन्स म्हणून टाकायला परवानगीच नाही, ज्यावर तुमचा एकट्याचा हक्क आहे तेच टाकता येतं. डिस्प्यूटमध्ये हाच मुद्दा मांडा, फार कमी लोक मांडतात. दुसरी शक्यता अशी की खुद्द संगीतकारानेच तो ट्रॅक साइटला पण दिला आणि डिस्ट्रिब्यूटरला पण. तसं असेल तर धड चालणारी साइट तुमचा चॅनल त्यांच्या क्लेममधून सूट असलेल्या यादीत घालून क्लेम काढून देते. आधी तेच मागा, पण उत्तराची वाट बघत ५ दिवस घालवू नका, डिस्प्यूट टाकून मगच मेल करा.

आणि घाबरू नका. यूट्यूबचाच रिपोर्ट आहे, २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटींच्या वर क्लेम लागले, डिस्प्यूट झाले त्यातले एक टक्क्याहूनही कमी, आणि ज्यांचे झाले त्यातल्या ६० टक्के केसेस व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. माझ्या मते बाकीचे गप्प बसतात ते चूक त्यांची आहे म्हणून नाही, स्ट्राइकच्या भीतीने बसतात. नुसता डिस्प्यूट टाकला म्हणून स्ट्राइक येत नाही, पण समोरचा तेव्हाही व्हिडिओ काढायची कायदेशीर मागणी करू शकतो. अपीलनंतर समोरच्याकडे ७ दिवस असतात आणि तिथे तो ही मागणी करू शकतोच, ती मान्य झाली तर स्ट्राइक. म्हणून माझं मत असं की लायसन्स खरंच घेतलेलं असेल तर डिस्प्यूट बिनधास्त टाका आणि अपील कागद असेल तरच करा. कुणी वेगळं सांगेलही, ज्याची त्याची जोखीम. आणि डिस्प्यूट फेटाळला तर अपीलला उशीर करू नका, तिथेही राखलेले पैसे कायमचे थांबून राहत नाहीत.

डिस्प्यूट लिहिताना रडगाणं नको. लायसन्स कुठून घेतलं, कोणत्या तारखेला, ट्रॅकचं नाव, ऑर्डर नंबर, लायसन्समधलं ते नेमकं वाक्य, बस. "मी क्रेडिट दिलंय" किंवा "मी यातून कमावत नाही" हे लिहू नका, त्याने हक्क मिळत नाही आणि केस उगाच कच्ची दिसते. कागद अजिबातच नसेल तर मात्र भांडत बसू नका, स्टुडिओतूनच ते गाणं बदला किंवा तेवढं म्यूट करा, क्लेम गेला की पुढची कमाई तरी तुमची.

पुढच्या वेळेसाठी, अपलोड करताना जो चेक्सचा टप्पा येतो तो पूर्ण होईपर्यंत व्हिडिओ प्रायव्हेट ठेवा, क्लेम असेल तर पब्लिश करण्याआधीच दिसतो. लायसन्स घेतलं की अटींचं पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवायचं, आणि ज्या साइटवर ट्रॅकचं आणि तुमचं नाव असलेलं सर्टिफिकेट डाउनलोड होत नाही तिथून फुकट मिळालं तरी घेऊ नका. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतलं म्युझिक कंटाळवाणं असेल, पण मी आता कमाईच्या व्हिडिओला तेच वापरतो. आणि बीथोव्हेन जुना आहे म्हणून फ्री आहे असं कुणी सांगेल तर ऐकू नका, रचना फ्री आहे, पण ती वाजवून रेकॉर्ड करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो.

अजून एक, तुमच्या पोस्टच्या शेवटी आरपीएम (हजार व्ह्यूजमागची कमाई) कमी झाल्याचं लिहिलंय त्याचा क्लेमशी संबंध असेलच असं नाही. वर्षअखेरीला जाहिरातदार जास्त खर्च करतात आणि जानेवारीत हात आखडता घेतात, सगळ्यांचंच पडतं. बाकीच्या व्हिडिओंचं पण पडलंय का ते बघा. आणि क्लेमची तारीख आणि लायसन्सचा मजकूर इथे टाका, ऑर्डर नंबर झाकून, डिस्प्यूटचं लिखाण मी बघून देतो.